धाडकन, धडधड, धडधडाट: जमवलेले आवाज लावून कसे ठेवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार वर्षं रेकॉर्डर घेऊन फिरलात, सहा हजारांच्या आसपास फायली जमल्या, निम्म्याहून अधिक फायलींना अजून रेकॉर्डरने दिलेलीच नावं आहेत, आणि आता एखादं शास्त्रशुद्ध वर्गीकरण लावून हे सगळं एकदाचं मार्गी लावायचंय. तर कुठलं वर्गीकरण घ्यावं?

मी मुंबईत वीसेक वर्षं साउंड एडिटिंग करते, बहुतेक मराठी मालिका आणि सिनेमे. त्यामुळे हे उत्तर ग्रंथपालाचं नाही. उद्या सकाळी एपिसोड जायचाय, रात्रीचे दोन वाजलेत आणि दार वाजायला हवंय, अशा माणसाचं आहे. त्याला आवाज दहा सेकंदांत सापडला पाहिजे, बाकी काही नाही.

आधी एक करा, फोल्डर बनवणं थांबवा. माझ्या पहिल्या हार्ड डिस्कवर 'दारं', 'पाऊस', 'गाव', 'गाड्या' असे चौदा फोल्डर होते आणि पंधरावा होता 'इतर'. वर्षभरात 'इतर' सगळ्यांत जाडजूड झाला. फोल्डर एकच प्रश्न विचारतो आणि एकच उत्तर घेतो, तिथे गोची होते. पत्र्यावर पडणारा गुहागरचा पाऊस 'पाऊस'मध्ये टाकायचा, 'पत्रा'मध्ये की 'कोकण'मध्ये? आवाजाला निदान चार प्रश्न विचारावे लागतात. कशाचा आहे, कानाला कसा लागतो, कुठे आणि कधी घेतला, आणि गोष्टीत त्याचं काम काय. जगात जेवढी म्हणून वर्गीकरणं झाली आहेत ती यातल्या एकाच प्रश्नाचा हात धरून झाली आहेत. त्यामुळे त्यातलं एक निवडून भागत नाही.

'कशाचा' हा सगळ्यांत जुना प्रश्न. नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात वाद्यांचे चार वर्ग आहेत: तत, अवनद्ध, घन, सुषिर. तार, चामडं, घट्ट वस्तू, पोकळीतली हवा. म्हणजे वाद्य कोण वाजवतं, कुठे वाजवतं हे सगळं बाजूला ठेवून नेमकं काय कंप पावतं एवढंच बघायचं. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या शौरींद्रमोहन टागोरांनी सुमारे शंभर वाद्यं बेल्जियमच्या राजाला भेट दिली. ती ब्रसेल्सच्या संगीतशाळेच्या संग्रहालयात गेली आणि तिथल्या व्हिक्टर माइयों यांनी १८८० मध्ये याच चौकटीवर आपली वर्गवारी बेतली. पुढे १९१४ मध्ये होर्नबोस्टेल आणि झाक्स या संगीत-अभ्यासकांनी ती वाढवली, आणि जगभरची संग्रहालयं आजही तीच वापरतात. मात्र गोंधळ्यांच्या-जोगत्यांच्या हातातलं चौंडकं समोर आलं की पंचाईत होते. त्याला चामडंही आहे आणि चामड्यातून निघालेली तारही, मग ते तत की अवनद्ध? होर्नबोस्टेल-झाक्सनी अशा वाद्यांसाठी 'छेडायचे ढोल' असा वेगळा कप्पा केला, तर नंतरच्या काही अभ्यासकांनी ती तंतुवाद्यंच आहेत म्हणून वाद घातला. सहा हजार फायलींमध्ये तुम्हाला अशी चौंडकी पदोपदी भेटतील. तिथे अडून बसू नका. एक कप्पा ठरवा, वर्णनात दोन्ही शब्द लिहा आणि पुढे चला.

वाद्यांपलीकडच्या रोजच्या आवाजांसाठी मला विल्यम गेव्हर या संशोधकाची १९९३ मधली मांडणी उपयोगी पडते. ते म्हणतात, माणूस आवाज ऐकत नाही, घटना ऐकतो. मग घटना तीन तऱ्हेच्या: घन वस्तू एकमेकींना लागतात, द्रव हलतो, हवा हलते. एवढ्यानेच निम्मं काम होतं, कारण प्रत्येक आवाजात दोन गोष्टी लिहिण्याची सवय लागते, वस्तू आणि क्रिया. 'दार' असं नुसतं लिहून काही कळत नाही. दार उघडलं, आपटलं, ठोठावलं, की त्याला कुलूप घातलं?

पावसाचंच घ्या. पाऊस स्वतः फारसा वाजत नाही, वाजतं ते ज्याच्यावर पडतो ते. पत्र्यावर तडतड, कौलांवर दबकी सर, अळूच्या पानांवर थेंबागणिक थप्प, छत्रीवर डोक्याच्या वर घुमणारा, आणि पाऊस थांबल्यावर अर्धा तास चालणाऱ्या पागोळ्या तर पुन्हा निराळ्याच. पागोळ्यांना पाऊस म्हणायचं की ठिबकणं? मी ठिबकणं म्हणते, कारण मला त्या लागतात तेव्हा पडद्यावर पाऊस थांबलेला असतो.

आता तयार पद्धत हवी असेल तर यूसीएस घ्या, म्हणजे युनिव्हर्सल कॅटेगरी सिस्टिम. टिम नीलसन या साउंड डिझायनरने दोन सहकाऱ्यांना घेऊन ती बांधली आणि २०२० मध्ये सगळ्यांना फुकट खुली केली. ८२ मुख्य वर्ग आणि साडेसातशेच्या आसपास उपवर्ग. फाइलच्या नावाचा क्रमही ठरलेला: आधी वर्गाचं छोटं नाव, मग आवाजाचं वर्णन, मग रेकॉर्ड करणाऱ्याची अक्षरं, मग प्रकल्प किंवा संग्रहाचं नाव. पावसाचे उपवर्ग त्यांनीही पृष्ठभागावरूनच केलेत, काँक्रीट, काच, धातू, प्लॅस्टिक, झाडोरा, असे. माझ्या कौलांना त्यात जागा नाही, ती मी पावसाच्या सर्वसाधारण कप्प्यात ठेवते आणि नावात 'कौल' लिहिते. पद्धत हॉलिवूडच्या गरजांतून आली आहे. त्यामुळे पिस्तूल, रायफल, शॉटगन, तोफ यांना स्वतंत्र घरं आहेत, जातं आणि रहाट मात्र बेघर. तरीही तीच घ्या म्हणते. तुमची स्वतःची पद्धत कितीही सुंदर असली तरी ती फक्त तुमच्या डोक्यात असते, आणि पुढच्या स्टुडिओतला मुलगा तुमच्या डोक्यात शोध घेऊ शकत नाही.

इथपर्यंतचं कुणीही सांगेल. दुसऱ्या प्रश्नापाशी, 'कानाला कसा लागतो' इथे, मला जरा रेंगाळायचंय. बहुतेक संग्रह इथेच लंगडे पडतात, आणि इथे आपल्याकडे एक फुकटचं हत्यार आहे.

एडिटिंग करताना पुष्कळदा मला दार नकोच असतं. मला हवं असतं काहीतरी कोरडं, जड, एकदाच वाजून संपणारं. ते दार असेल, गोणी असेल, जिन्यावरून पडलेला पाट असेल. नावात फक्त 'कशाचा' लिहिलेलं असेल तर हा शोध घेताच येत नाही. फ्रेंच रेडिओतले अभियंते पिएर शेफर यांनी याच प्रश्नात अर्धं आयुष्य घातलं. उगम विसरा, आवाज स्वतः कसा आहे ते ऐका, असा त्यांचा आग्रह. १९६६ साली त्यांनी मांडलेल्या वर्गवारीचा एक कणा असा आहे: आवाज एका झटक्यात संपतो, किंवा सलग धरून राहतो, किंवा तुटकतुटक पुन्हापुन्हा येतो.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. तिला शेफर माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण ती हा फरक न चुकता करायची. एखादी गोष्ट एकदाच वाजली की मराठीत 'कन' लागतो: धाडकन, खटकन, टपकन, फडकन. तीच पुन्हापुन्हा वाजू लागली की शब्द दुणावतो: धडधड, खटखट, टपटप, फडफड. आणि आवाज इतका दाट झाला की एकेक ठोका वेगळा काढता येईना, की 'आट' येतो: धडधडाट, खडखडाट, कडकडाट, फडफडाट, किलबिलाट. एडिटरसाठी ही तीन वेगवेगळी कामं आहेत. 'कन' नेमक्या फ्रेमला बसवायचा. दुणावलेल्या शब्दाची लय चित्राशी जुळवायची. 'आट' खाली अंथरायचा. एका शब्दाच्या शेपटीवरून मला कळतं की ही फाइल टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, कशी वागणार आहे.

अजून बारकाईने बघा. या शब्दांचं पहिलं व्यंजन सांगतं की आवाज सुरू कसा झाला, आणि शेवटचं सांगतं की तो संपला कसा. शेवटी 'ण' असेल तर मागे गुंजन उरतं: खणखण, ठणठण, किणकिण, घणघण, रुणझुण. बहुतेक धातू. शेवटी 'ळ' असेल तर काहीतरी वाहतंय किंवा हलत राहिलंय: खळखळ, झुळझुळ, सळसळ, घळघळ. 'र' असेल तर घासतंय, फाटतंय: करकर, कुरकुर, खरखर, टर्रकन. 'ट', 'प', 'ड' असतील तर ठोका पडला की संपला, शेपूट नाही: खटखट, टपटप, कडकड. सुरुवातीचंही तसंच. दारावर टकटक होते, भाकरी थापताना थपथप. मूर्धन्य टणक, दंत्य मऊ. व्याकरणकारांनी वर्णमाला तोंडातल्या जागेवरून लावली, आणि त्याच जागा इथे पृष्ठभागाचा कठीणपणा सांगायला उपयोगी पडतात.

हा माझा कामापुरता अंदाज आहे, भाषाशास्त्र नव्हे. अपवाद भरपूर सापडतील. भणभण माशांची असते, धातूची नाही. खसकन ओढलं तरी दुणावून खसखस होत नाही, ती अनारशाला लागते. आणि तिजोरीतला खडखडाट ऐकू येत नाही तो नाहीच. पण शंभरातल्या ऐंशी वेळा हा अंदाज मला योग्य फाइलपाशी नेतो, आणि मला तेवढं पुरतं.

म्हणून प्रत्येक फाइलच्या वर्णनात एक तरी असा शब्द लिहा. जो पहिला तोंडात येईल तो, पण यादी एकच ठेवा. माझ्या यादीत साठेक शब्द आहेत आणि ती टेबलावर चिकटवलेली आहे. कारण माझ्याकडे एक सहायक होता तो 'कर्रर्र' लिहायचा, दुसरी 'करकर', मी 'कुरकुर', आणि शोधताना तिघांनाही एकमेकांची दारं सापडायची नाहीत. रोमनमध्ये लिहिणार असाल तर आणखी जपा. रोमनमध्ये 'ळ' आणि 'ल' एकाच अक्षरात कोंबले जातात, 'ण' आणि 'न' सुद्धा. म्हणजे वर सांगितलेली सगळी गंमत तिथेच सांडते.

तिसरा प्रश्न, कुठे आणि कधी. हा मी बरीच वर्षं टाळला आणि तोंडघशी पडले. एका मालिकेत पौष महिन्यातली रात्र होती, शेकोटी, घोंगड्या, सगळं. मी 'गाव रात्र शांत ३' नावाची फाइल खाली अंथरली. रातकिडे छान होते, मागे बारीक काहीतरी होतं त्याकडे लक्ष गेलं नाही. दाखवायला बसलो, तर साताऱ्याकडचा एक सहदिग्दर्शक दोन मिनिटांत म्हणाला, "ताई, पौषात बेडूक?" फाइल जुलैतली होती. तेव्हापासून बाहेरच्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या नावात महिना असतो. कॅलेंडर पक्ष्यांनाही ठाऊक असतं. पावश्या 'पेरते व्हा' म्हणाला की प्रेक्षकाच्या मनात मृगाचे ढग जमतात, तो दिवाळीत ओरडून चालत नाही.

आणि वर्ष. वर्षाला लोक किंमत देत नाहीत. मुंबईची लोकल डीसी विजेवरून एसी विजेवर गेली, हार्बरवरची शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली. त्या जुन्या गाड्यांच्या मोटरचा निघतानाचा कण्हणारा सूर आता कुठल्याही फलाटावर मिळणार नाही. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नाही. नव्वदच्या दशकातला प्रसंग करायचा असेल तर मला तीच लागते, तिचं दार लावतानाचा पातळ पत्र्याचा आवाज लागतो, आणि 'टॅक्सी मुंबई' एवढंच नाव असलेल्या फायलींतून ती ओळखता ओळखता दुपार जाते. तुम्ही चार वर्षांत जे जमवलंय त्यातलं काय उद्या नामशेष होणार आहे ते तुम्हाला आज कळणार नाही. तारीख लिहून ठेवा.

अंतरही यातच येतं. जवळून, मध्यम, लांबून, आतून, बाहेरून, एवढे पाच शब्द बास. शेजारच्या खोलीतून ऐकू येणारी फोडणी आणि कढईवर माइक धरून घेतलेली फोडणी एकमेकींच्या जागी चालत नाहीत, फिल्टर कितीही लावा.

चौथा प्रश्न, गोष्टीतलं काम. कॅनडाचे संगीतकार मरी शेफर यांनी (पिएर वेगळे, नावांचा घोळ सगळ्यांचाच होतो) एखाद्या जागेचे आवाज तीन थरांत पाहिले: सतत खाली वाजणारा आधारसूर, लक्ष वेधणारे इशारे, आणि त्या जागेची ओळख असलेले खुणेचे आवाज. प्रसंग रचताना हे फार कामाचं. एसटी स्टँडवर इंजिनांची घरघर हा आधार, कंडक्टरची डबल बेल हा इशारा. पण संग्रहाच्या वर्गवारीत हे घालू नका. 'भीतिदायक', 'विनोदी', 'उदास' असे टॅगही नकोत. पडलेलं पातेलं एका प्रसंगात हसवतं, दुसऱ्यात दचकवतं, यात पातेल्याचा काही हात नाही.

मशीनकडून करून घ्यावं का, हेही तुम्हाला विचारायचं असेलच. पहिल्या चाळणीला जरूर. गूगलने २०१७ मध्ये ऑडिओसेट नावाचा संच खुला केला, दहा सेकंदांचे वीस लाखांहून अधिक तुकडे आणि ६३२ वर्ग. आवाज ओळखणारी बरीच साधनं त्यावर शिकली आहेत. माणूस बोलतोय, कुत्रा भुंकतोय, गाडी गेली, एवढं ती बऱ्यापैकी सांगतात, आणि सहा हजार फायलींमध्ये ते खरंच वेळ वाचवतं. पण त्या वर्गांत पावसाखाली 'थेंब' आणि 'पृष्ठभागावरचा पाऊस' एवढंच आहे. पत्रा, कौल आणि छत्री तिथे एका रांगेत. पुढचं तुम्हालाच ऐकावं लागेल.

आता एक फाइल शेवटपर्यंत करून दाखवते. वाईजवळच्या एका वाड्याचं दिंडी दार, एक मिनिट चाळीस सेकंदांचा टेक. त्यात कडी उचलली जाते, दार हळू उघडतं, सुटतं आणि भिंतीवर आपटतं, मग पुन्हा लावून अडसर सरकवला जातो. म्हणजे एका टेकमध्ये चार आवाज. मी अख्खा टेक तसाच ठेवते, कारण कडी आणि दार यांच्यामधली ती अर्ध्या सेकंदाची शांतता नंतर बनवता येत नाही. शिवाय चार तुकडे वेगळे काढते. नावाला यूसीएसमधला लाकडी दाराचा कोड. वर्णन असं: 'वाडा, दिंडी दार, सागवान, कडी खटकन, उघडणे करकर हळू, भिंतीला धाडकन, अडसर खरखर, आतून, जवळून, वाई, फेब्रुवारी २०१९, दुपार, मागे पारवे'. शेवटचे दोन शब्द सगळ्यांत मोलाचे. ते लिहिले नाहीत तर रात्रीच्या प्रसंगात पारवे घुमतात आणि मिक्सिंगच्या खोलीत सगळे तुमच्याकडे वळून बघतात.

हे वर्णन कुठे लिहायचं, तर फाइलच्या आत. वेगळ्या एक्सेलमध्ये नको, एक्सेल आणि फायली वर्षभरात विभक्त होतात. बीडब्ल्यूएफ हा वेव्ह फाइलचा प्रकार युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये ठरवला, त्यात वर्णनासाठी २५६ अक्षरांची जागा आहे. ती फक्त साध्या रोमन अक्षरांसाठी आहे, देवनागरी घातलीत तर चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं होतात. म्हणून तिथे रोमन, आणि देवनागरी आयएक्सएमएलच्या भागात. हा फाइलच्या आतलाच माहितीचा दुसरा कप्पा, आणि तो युनिकोड, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या, सांभाळतो. साउंडमाइनर, बेसहेड, साउंडली या आवाज शोधायच्या सॉफ्टवेअरांपैकी तुमच्याकडे जे असेल त्यात वीस फायलींवर आधी करून बघा, बंद करा, दुसऱ्या मशीनवर उघडा, शब्द जागेवर आहेत का बघा. मग बाकीच्यांना हात लावा. आणि मूळ डिस्कची प्रत काढल्याशिवाय एकाही फाइलचं नाव बदलू नका.

सुरुवात जुन्यापासून करू नका, गेल्या महिन्यात घेतलेल्यांपासून करा, ते अजून आठवतात. रोज वीस. जुन्यांतल्या ज्या अजिबात ओळखू येत नाहीत त्यांना 'ऐकायचंय' असं लिहून बाजूला ठेवा.

आणि यापुढे रेकॉर्ड बटण दाबलंत की आधी स्वतःच्या तोंडाने बोला: जागा, तारीख, वस्तू, माइक किती लांब. टेक संपल्यावर, बंद करायच्या आधी, काय झालं तेही. माझ्या जुन्या टेक्सच्या शेवटी माझाच आवाज असतो, "वाई, दिंडी दार, टेक तीन... कोंबडा आला, पुन्हा घेऊ." तो कोंबडा मी नंतर दोन मालिकांमध्ये वापरला.